मेम्फिसच्या कड्यावरची भुतं

मेम्फिस शहराच्या दक्षिण अंगाला, मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर, धातुकामाचं एक संग्रहालय आहे. मेटल म्युझियम. १९७९ च्या फेब्रुवारीत ते उघडलं तेव्हा त्याचं नाव भारदस्त होतं, नॅशनल ऑर्नामेंटल मेटल म्युझियम. लोखंडी जाळ्या, फाटकं, तांब्याची भांडी, चांदीचे दागिने, ओतीव पुतळे, थोडक्यात ऐरणीवर किंवा मुशीत जे जे घडतं ते सगळं तिथे पाहायला मिळतं. पण गावात कुणाला सांगितलं की आम्ही तिकडे निघालो आहोत, तर कलेबद्दल कुणी बोलत नाही. जावयांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी आधी भुवया उंचावल्या आणि मग विचारलं, "दिवसाच जाणार आहात ना?"

कारण ही जागा पूर्वी इस्पितळाची. आणि इस्पितळ ओस पडलं की तिथे भुतं राहायला येणारच, मग ते पुण्यात असो की टेनेसीत. आमच्याकडे मुंजा पिंपळावर बसतो, हडळ विहिरीपाशी. अमेरिकेतल्या भुतांना बहुतेक पिंपळ मिळत नसावेत, म्हणून ती मोठमोठ्या रिकाम्या इमारतींत राहतात. त्या गृहस्थांनी ऐकवलेली हकीगत अशी: पिवळ्या तापाच्या साथीत हजारो माणसं त्या इस्पितळात मेली, प्रेतं तळघरात रचून ठेवली होती, आणि अजूनही रात्री वरच्या खिडकीत पांढरं कुणीतरी दिसतं. माझी नात तेव्हा दहा वर्षांची होती. तिने एवढंच विचारलं, "आजी, पण त्यांना अजून ताप आहे का?" प्रश्न मोठा चांगला होता. मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही गेलो ते २०१८ च्या ऑक्टोबरात. तो महिना मुद्दाम निवडलेला, त्याचं कारण पुढे येईलच.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. मुलांना एकच सवय लावण्याचा प्रयत्न केला. आधी सनावळी मांडा, मग गोष्ट ऐका. तर या भुतांची सनावळी मांडू या. मेम्फिसची सर्वांत भयंकर पिवळ्या तापाची साथ आली १८७८ साली. खलाशांचं हे सरकारी इस्पितळ, 'मरीन हॉस्पिटल', सुरू झालं १८८४ साली. म्हणजे सहा वर्षांनी. ज्या खिडकीत पांढरं कुणीतरी उभं राहतं ती मोठी इमारत तर १९३० च्या दशकातली. त्यामुळे १८७८ चा कुणी मृतात्मा तिथे दिसत असेल तर तो पत्ता चुकलेला असला पाहिजे. जावई हसले. पण मला त्यात हसण्यापेक्षा दुसरंच काही दिसत होतं. गोष्ट खोटी होती, पण मेलेली माणसं खोटी नव्हती. ती माणसं खरोखर मेली, याच गावात, फक्त या इमारतीत नव्हे. मग गावाने त्यांना या इमारतीत आणून का बसवलं?

आधी साथीचं सांगते. १८७८ साली मेम्फिसची वस्ती सुमारे सत्तेचाळीस हजार होती. कापसाचं मोठं बंदर. न्यू ऑर्लिन्सकडून बोटी वर यायच्या, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर ताप आला. १३ ऑगस्टला नदीकाठी खाण्याचं छोटं दुकान चालवणारी केट बिओंडा ही बाई गेली. शहरातला हा पहिला नोंदलेला मृत्यू. त्यानंतर दोनेक आठवड्यांत पंचवीस हजार माणसं गाव सोडून पळाली. आगगाडी, घोडागाडी, पायी, जमेल तसं. आजूबाजूच्या गावांनी बंदुका घेऊन रस्ते अडवले, की मेम्फिसचा माणूस आत येता कामा नये. मागे राहिले सुमारे वीस हजार. पैसा नसलेले, जायला ठिकाण नसलेले, आणि काही मुद्दाम थांबलेले. त्यांतल्या सुमारे सतरा हजारांना ताप आला आणि पाच हजारांहून जास्त माणसं मेली. ऑक्टोबरात पहिलं दहिवर गोठलं तेव्हा कुठे साथ थांबली.

ती का थांबली, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक हवेला दोष देत होते. हवा शुद्ध व्हावी म्हणून डांबर जाळत होते, तोफा उडवत होते. खरं कारण घराघरात होतं. शहर पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर जगत होतं, आणि त्या टाक्यांत आणि पिंपांत डास वाढत होते. पुण्यामुंबईकडच्या मंडळींना या डासाची ओळख करून द्यायला नको. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा, एडिस इजिप्ती. क्यूबातल्या कार्लोस फिनले या डॉक्टरांनी १८८१ सालीच डासावर बोट ठेवलं होतं, पण वीस वर्षं त्यांना कुणी मनावर घेतलं नाही. १९०० साली हवानात वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोग करून ते सिद्ध केलं. थंडीने डास मेले म्हणून साथ थांबली, इतकं ते साधं होतं.

मागे राहिलेल्यांची हकीगत मी दोन दिवस वाचत होते. सेंट मेरी पंथाच्या जोगिणी तिथे शाळा चालवत. (शाळा म्हटल्यावर माझं लक्ष तिकडे जाणारच.) त्यांची प्रमुख कॉन्स्टन्स गावाबाहेर होती, बातमी कळताच ती पळून जाणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने गावात आली आणि ९ सप्टेंबरला गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी ॲनी कुक गेली. ही बाई मॅन्शन हाउस नावाचा कुंटणखाना चालवायची. साथ आल्यावर तिने तिथल्या मुलींना वाटेला लावलं, घराचं इस्पितळ केलं आणि स्वतः शुश्रूषा करत राहिली. एरवी रस्त्यात समोरासमोर आल्या असत्या तर या दोघींपैकी एकीने नक्कीच मान फिरवली असती. आणि ज्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं ते हजारो काळे लोक. मागे राहिलेल्यांत बहुसंख्य तेच होते, सुमारे चौदा हजार. गस्त घालणं, धान्य वाटपाचा बंदोबस्त करणं, रोग्यांची सेवा, प्रेतं पुरणं, हे सगळं मोठ्या प्रमाणात त्यांनी केलं. त्यांच्यात मृत्यू सुमारे साडेनऊशे, तर मागे राहिलेल्या सुमारे सहा हजार गोऱ्यांपैकी चार हजारांहून जास्त गेले. हा फरक कशामुळे पडला यावर विद्वानांत अजून वाद चालतो.

साथ गेल्यावर शहराचं दिवाळं निघालं. १८७९ साली मेम्फिसची सनदच रद्द झाली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शहर उरलंच नाही. राज्याच्या ताब्यातला 'कर वसुलीचा जिल्हा' तेवढा उरला. पुढे शहर सावरण्यासाठी कर्जरोखे काढले तेव्हा पहिला एक हजार डॉलरचा रोखा घेतला तो रॉबर्ट चर्च यांनी. गुलामगिरीत जन्मलेला माणूस. त्यांचं नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते परत येणार आहेत. १८८० पासून जॉर्ज वेअरिंग यांच्या आराखड्याप्रमाणे मैलापाण्याचे नळ घातले गेले, आणि १८८७ साली जमिनीच्या पोटात शुद्ध पाण्याचा साठा सापडला. लेकीच्या घरी नळाला येतं ते पाणी त्याच भूगर्भातलं. गोड आहे, आमच्या जुन्या कात्रजच्या पाण्यासारखं. (माझ्या नणंदबाई म्हणतील, तुला प्रत्येक ठिकाणी पुणंच दिसतं. दिसतं, त्याला काय करायचं.)

आता इस्पितळ. 'मरीन' शब्दावरून आरमाराचं वाटेल, पण ते व्यापारी बोटींवरच्या खलाशांचं. १७९८ साली अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी एका कायद्यावर सही केली: प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिना वीस सेंट कापायचे आणि त्यातून त्यांच्यासाठी औषधपाणी आणि इस्पितळं चालवायची. सक्तीचा आरोग्य विमाच म्हणा ना, तोही दोनशे वर्षांपूर्वी, आणि त्या देशात जिथे आज या विषयावर दोन माणसं शांतपणे बोलू शकत नाहीत! मेम्फिसचं इस्पितळ १८८४ साली उघडलं आणि त्याच साली ही कपात बंद होऊन बोटींवरचा कर त्यासाठी लावला गेला. याच खलाशांच्या सेवेतून पुढे अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा उभी राहिली. १८८४ च्या इमारतींपैकी कचेरीची इमारत आणि धुलाईघर-स्वयंपाकघर अशा दोन अजून उभ्या आहेत. इस्पितळ १९६५ साली बंद पडलं. त्यानंतर आवार ओस पडलं आणि तिथून भुतांचा जमाना सुरू झाला असावा.

आम्ही पाहिलं तेव्हा मोठी इमारत रिकामीच होती. लाल विटांची, पांढऱ्या खांबांची, खूप खिडक्यांची. काही काचा फुटलेल्या. नात माझा हात सोडत नव्हती, पण नजरही हलवत नव्हती. पुढे तिथे राहती घरं करण्याचं काम सुरू झालं असं लेकीने कळवलं. चांगलं झालं. वाळत घातलेले कपडे आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यापुढे भूत टिकत नाही, हा आमच्या वाड्यातला अनुभव आहे.

कड्याच्या टोकाला संग्रहालयाची बाग आहे, तिथे उभं राहिलं की खाली नदी दिसते. गढूळ, रुंद, आणि वरून संथ वाटली तरी भयंकर ओढीची. उजव्या हाताला एकापाठोपाठ एक तीन पोलादी पूल. सगळ्यांत जुना फ्रिस्को पूल १८९२ चा, मग हॅराहान १९१६ चा, आणि मोटारींचा १९४९ चा. हॅराहान पुलावर २०१६ पासून पायी चालायला वाट केली आहे. धातूचं संग्रहालय बांधायला याहून चांगली जागा कुणाला सापडली नसती. अर्धं प्रदर्शन नदीवरच मांडलेलं आहे.

पण सनावळीचं काम अजून संपलं नव्हतं. संग्रहालयासमोर रस्ता ओलांडला की एक उद्यान लागतं. १९९५ पासून त्याचं नाव चिकसॉ हेरिटेज पार्क. त्यात मातीचे जुने उंचवटे आहेत, कोलंबसाच्या नंतरचे गोरे इथे पोहोचण्याआधी इथल्या मूळ रहिवाशांनी टोपल्या टोपल्या माती वाहून रचलेले. चिकसॉ लोकांनी १८१८ च्या तहात पश्चिम टेनेसीची जमीन सोडली, आणि १८३७ पासून मिसिसिपीतूनही त्यांना पश्चिमेकडे हाकललं गेलं. १८६२ च्या जूनमध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांनी मेम्फिस घेतलं आणि या कड्यावरचा पिकरिंग किल्ला वाढवला. तेव्हा त्या उंचवट्यांपैकी एक वरून पोखरून त्यात दारूगोळा ठेवला. पोखरलेला खड्डा अजून दिसतो. आपल्या पूर्वजांचं पवित्र स्थान फोडून त्यात दारूकोठार केलेलं पाहून चिकसॉ माणसाला काय वाटत असेल, हे समजायला फार लांब जायला नको.

या किल्ल्याच्या आसऱ्याला आजूबाजूच्या कापसाच्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम जमले. पुरुष पलटणीत भरती झाले, बायकामुलं किल्ल्याजवळ झोपड्या घालून राहिली. युद्ध संपलं. १८६६ च्या एप्रिलअखेर काळ्या तोफखान्याच्या शिपायांना सेवेतून मोकळं केलं, त्यांची शस्त्रं काढून घेतली. लगेच १ मे पासून तीन दिवस गोऱ्या जमावाने, त्यात पोलीसही होते, या वस्तीवर हल्ला केला. सेहेचाळीस काळी माणसं मारली. बायकांवर अत्याचार झाले. नव्वदच्या वर घरं जाळली, चार चर्चं आणि बारा शाळा जाळल्या. बारा शाळा. गुलामगिरी संपून फार काळ झाला नव्हता, त्या माणसांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल तर शाळा काढल्या, आणि जमावाने नेमक्या त्या जाळल्या. त्याच दंगलीत रॉबर्ट चर्च यांना त्यांच्या दुकानात शिरून डोक्यात गोळी घातली होती. ते वाचले. बारा-पंधरा वर्षांनी त्याच शहराचा पहिला कर्जरोखा त्यांनी घेतला. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

म्हणजे बघा, हा कडा मृतांनी भरलेलाच आहे. आणखी एक. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्धकैद्यांना घरी नेणारी सुलताना नावाची आगबोट मेम्फिसच्या थोडं वर बाष्पकांचा स्फोट होऊन जळाली. अकराशेहून जास्त माणसं गेली. इतकं सगळं घडलेलं असताना गावकथेत काय उरलं? खिडकीतलं पांढरं कुणीतरी! बारा शाळांचं भूत कुणाला दिसत नाही. दारूगोळ्याच्या खड्ड्यातून कुणी हाक मारत नाही. भुताच्या गोष्टीला नाव लागत नाही, सन लागत नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी मारलं हे सांगावं लागत नाही.

हे मी इतक्या ठासून का म्हणते, त्यालाही कारण आहे. आमच्या कसब्यातल्या वाड्यात मागच्या चौकातली एक खोली कायम कुलूपबंद असे. आम्हा मुलांना सांगितलेलं, तिकडे जायचं नाही, तिथे बाई दिसते. हिरव्या लुगड्यातली. मी मॅट्रिक होईपर्यंत त्या बोळातून पळतच जायची. पुढे बी.ए.ला असताना १८९७ चा पुण्याचा प्लेग अभ्यासाला आला. रँडची कमिटी, मार्चपासून गोऱ्या शिपायांची घरझडती, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेणं, २२ जूनचा गणेशखिंडीचा रस्ता आणि चापेकर. हे सगळं पाठ झालं. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, रोग्यांची सेवा करता करता, हेही तेव्हाच वाचलं. एकदा सहज आजोबांना विचारलं, आपल्या घरी कुणी प्लेगने गेलं होतं का? आजोबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, माझ्या वडिलांची पहिली बायको. त्या खोलीत लपवून ठेवली होती, झडतीत सापडली, नेली, परत आली नाही. वय असेल सोळा-सतरा. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं, त्या आमच्या पणजी. पहिलीचं नाव विचारलं तर आजोबांना सांगता आलं नाही. कुणी घेतच नसे म्हणाले.

तर ती हिरव्या लुगड्यातली बाई. घरातल्या तीन पिढ्या तिला भ्यायल्या आणि एकालाही तिचं नाव ठाऊक नाही. मेम्फिसच्या एल्मवूड दफनभूमीत साथीतल्या चौदाशेहून अधिक बेवारशी मृतांना एकत्र पुरलं आहे, त्या हिरवळीवर उभं राहिले तेव्हा मला वाड्यातला तो बोळ आठवला. ॲनी कुकला निदान नाव आणि दगड मिळाला.

असो. आता जरा संग्रहालयाच्या आत येऊ, नाहीतर म्हणाल की बाई धातू बघायला गेल्या आणि स्मशानं फिरून आल्या.

फाटकापासूनच कलाकुसर सुरू होते. संग्रहालयाच्या दहाव्या वाढदिवसाला, १९८९ साली, वेगवेगळ्या देशांच्या लोहारांनी आपापल्या हाताने घडवून पाठवलेल्या फुलांची आणि नक्ष्यांची ही जोडफाटकं बसवली. एक फूल दुसऱ्यासारखं नाही. मी प्रत्येकाला हात लावून पाहिला (लावू देतात!). आत दालनं लहान, नीटस. पण माझा जीव रमला तो मागच्या लोहारशाळेत. तिथे उजेड मुद्दाम कमी ठेवतात. नातीला वाटलं भुतांसाठी. तिथल्या लोहाराने समजावलं की लोखंड किती तापलं हे रंगावरून ओळखायचं असतं, लाल, मग नारिंगी, मग पिवळा. लख्ख उन्हात हे रंग दिसत नाहीत आणि चूक होते. पिवळं लोखंड मऊ गुळासारखं वळतं, लाल होऊ लागलं की घण मारून उपयोग नाही, परत भट्टीत. ऐरण, सांडशी, घण, भट्टी, सगळं आपल्या गावच्या लोहाराचंच, फक्त भात्याऐवजी विजेचा पंखा. ऐरणीवर हातोडी पडली आणि तो मधला एक रिकामा ठोका, लोहार नुसता ऐरणीवर टाकतो ना, तोही तसाच.

मी लहानपणी तांबट आळीच्या ठोक्यांवर जागी व्हायची. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेली ही मंडळी. तांब्याच्या घंगाळावर हजारो बारीक ठोके मारून मठारकाम करायचे. त्याने नुसती चकाकी येत नाही, ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि भांडं पोचट राहत नाही. मी त्या लोहाराला हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागले तर तो काम थांबवून ऐकत बसला. मग त्याने एक गंमत दाखवली. तापवलेलं तांबं पाण्यात बुडवलं, ते मऊच राहिलं. तापवलेलं पोलाद बुडवलं, ते काचेसारखं कडक झालं. एकाच पाण्यात! आमच्या आळीतले तांबट हे रोज करत असणार, पण विचारण्याचं तेव्हा कुणाला सुचलं होतं?

आता ऑक्टोबर का, ते सांगते. त्या महिन्यात इथे 'रिपेअर डेज' भरायचे. देशभरातले लोहार, सोनार, ओतारी स्वतःच्या खर्चाने येत आणि चार दिवस गावकऱ्यांच्या मोडक्या वस्तू दुरुस्त करून देत. मजुरी संग्रहालयाला. लोक काय काय घेऊन आले होते! पायमोडी खुर्ची, कान गेलेली चहादाणी, बागेतला बगळा, कुणाच्या आईचा पिचलेला चांदीचा चमचा. रांगेत प्रत्येक जण पुढच्याला आपल्या वस्तूची कुळकथा सांगत होता. आमच्याकडे समई होती. लेकीच्या लग्नातली, पितळेची. सामानातून येताना दांडीचा आटा तुटला होता आणि हंस वेगळा झाला होता. चार वर्षं ती कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेली. अमेरिकेत मोडलेली वस्तू टाकून नवी आणतात, हे मीही पुष्कळ ऐकलेलं आणि थोडंफार बोललेलंही. इथे सत्तरीतला एक पांढऱ्या दाढीचा सोनार भिंग लावून आमचा हंस पाहत होता. त्याने विचारलं, हा दिवा कोणत्या बाजूने पाहतात? मी म्हटलं, सगळ्या. मग त्याने डाख आतल्या बाजूने दिला, वरून दिसू नये म्हणून. काम झाल्यावर त्याने एका चिठ्ठीवर वस्तूचं नाव लिहायला सांगितलं. नातीने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, समई. त्याने दोनदा वाचून म्हणून पाहिलं.

पुढच्या काळात या संग्रहालयाने ओव्हरटन पार्कमधल्या, २०२० साली बंद पडलेल्या कला महाविद्यालयाच्या इमारतीत विस्तार करायचं काम हाती घेतलं. मोठी जागा, जास्त माणसं येतील. कड्यावरचं जुनं आवारही नांदतं राहो. नदी आणि तिन्ही पूल काही ते बरोबर नेऊ शकणार नाहीत.

आता घरच्या मंडळींसाठी. महालयाच्या श्राद्धात सापत्नमातेचं नाव घेण्याचा प्रघात आहे, त्यामुळे आजोबांच्या वडील भावांनी निदान काही वर्षं तरी ते घेतलं असणार. आमच्या उपाध्यांच्या घरी जुन्या वह्या होत्या, पण त्या पानशेतच्या पुरात, १९६१ साली, गेल्या. उरतं ते त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्यांची नामावळ असते आणि पणजोबा १९०० च्या सुमारास तिथे जाऊन आले होते एवढं आजोबांकडून ऐकलेलं आहे. माझे गुडघे आता तिथल्या पायऱ्यांना राजी नाहीत. धाकट्या दिराचा मुलगा दिवाळीनंतर नाशिकला जाणार आहे, पण माहेरचं कुळ, मूळ गाव आणि गोत्र त्याला मी लिहून द्यायला हवं. ते दिलं आहे. बार्शीच्या आणि इंदूरच्या मंडळींपैकी कुणाकडे जुनी लग्नपत्रिका, यादी, वाटणीचा कागद, काहीही असेल आणि त्यात १८९७ च्या आधीच्या सुनेचं नाव असेल तर फोटो काढून पाठवा. मोडी असलं तरी चालेल, मला वाचता येते.